मिनिबसची धाप

मिनिबस चढाच्या मध्यावर आली आणि तिला धाप लागली. फ्रोइलाननं अ‍ॅक्सिलरेटर अगदी तळाला दाबला, तरी ती गोगलगायीसारखी सरकत राहिली. पाठीवर बटाट्याचं गाठोडं बांधलेली एक म्हातारी तिला चालत मागं टाकून गेली, आणि जाता जाता खिडकीत डोकावून म्हणाली, "सावकाश ये रे बाळा. तोवर मी वर जाऊन सूप शिजवून ठेवते."

प्रवासी हसले, मग एकेक करून उतरले आणि पायीच निघाले. ला पाझमधून माणसं वर एल आल्तोला पोचवायची हा फ्रोइलान तार्कीचा धंदा. गाडी चढच चढेना, तर धंदा कसला? शनिवारी गिऱ्हाईक येणार होतं. गाडी विकायची, खाली सपाटीवर मोंतेरोला जायचं आणि चुलतभावाकडे उसाच्या ट्रकवर राबायचं, असं त्यानं मनाशी पक्कं केलं होतं. त्यात आनंद मात्र काडीचाही नव्हता.

"बंद करू नका. इंजिन चालू राहू दे."

समोरच्या गॅरेजमधून एक मुलगी धावत आली होती. निळा बॉयलर सूट, दोन लांब वेण्या पाठीवर एकत्र बांधलेल्या, गालावर ग्रीसचा ओरखडा. त्याच्याकडे ढुंकूनही न बघता ती गाडीमागं उकिडवी बसली आणि सायलेन्सरच्या तोंडाशी तिनं तळहात धरला. बारीक गारा पडायला लागल्या होत्या, तिच्या केसांत अडकत होत्या, पण तिला त्याचा पत्ता नव्हता. तापलेल्या लेकराच्या नाकाशी आई हात धरते, तसा तिनं तो धरला होता. कामात बुडालेलं माणूस देखणं दिसतंच, ही तर... फ्रोइलान बघतच राहिला.

"मेस्त्री कुठं आहेत?" त्यानं विचारलं.

"मेस्त्रीच्याच हातावर तुमचा धूर येतोय," ती म्हणाली. "येतोय म्हणजे... कसाबसा."

तिचं नाव सेनोबिया माचाका. गॅरेज बापाचं, पण बाप आता दारात खुर्ची टाकून फक्त लेकीचं कौतुक करायचा.

"तीन मेस्त्री झाले," फ्रोइलान म्हणाला. "तिघांचं एकच — उंचीचा दोष. इथं हवा पातळ, इंजिन दमणारच. खाली न्या, पळेल."

"गाडी घेतली कुठं?"

"इथंच."

"किती वर्षं चढली हा रस्ता?"

"सहा."

"मग सहा वर्षं हवा काय घट्ट होती?"

त्याला हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं होतं ते.

तिनं इंजिनला एक काट्याचा मीटर जोडला. इंजिन हवा किती जोरात ओढतं, ते तो दाखवतो. गाडी नुसती उभी असताना काटा जागेवर होता. "आता रेस करा... आणि तशीच धरून ठेवा." काटा आधी ठीक राहिला, मग हळूहळू खाली घसरायला लागला.

"बघितलंत? आधीचा श्वास बाहेर पडत नाही, मग ही नवा घेणार कुठून?"

ती गाडीखाली शिरली. रबरी हातोडीचा एक हलका टोला, आणि आतून खुळखुळ आवाज आला.

"कन्व्हर्टर. धूर निवळायचा डबा. आत बारीक भोकांची चिनीमातीची वीट असते, ती फुटलीय. तुकड्यांनी वाट बुजवली." ती बाहेर आली. "हे सुरू कधी झालं?"

फ्रोइलान उगाच बाजूचा आरसा पुसायला लागला.

"दुखणं लपवलं तर वैद्य काय करणार?"

"कोपाकाबानाला देवीच्या दारी गाडी नेली होती," तो खाली बघत पुटपुटला. "आशीर्वादाला. परत निघालो, तेव्हापासून... पण असं कुणाला सांगायचं कसं? देवीला बोल लावल्यासारखं होतं."

"मग रिवाजाप्रमाणे गाडीवर बियर ओतलीत?"

"ओततात की सगळे."

"पोचल्यावर किती वेळानं?"

"लगेच. चार तास चालवून. बॉनेट उघडून... दोन क्रेट."

सेनोबियानं ओठ दाबून धरले, पण हसू काही आवरलं नाही. "तुमच्या गाडीत तो डबा इंजिनला चिकटूनच आहे, आणि चार तासांनी तो निखारा झालेला असतो. त्यावर गार बियर! देवीनं आशीर्वादच दिला हो, उतावीळपणा तुमचा. गाडीला घोटभर पाजायची, आंघोळ नाही घालायची."

मग खात्री करायला तिनं डब्याच्या अलीकडचा सेन्सर काढला. धुराला तेवढीच वाट मोकळी झाली, आणि तोच चढ मिनिबस डरकाळ्या फोडत चढून गेली. शेजारी बसलेली सेनोबिया कानांवर हात ठेवून हसत होती. फ्रोइलानला वाटलं, हा चढ संपूच नये.

आतली वीट काढून डबा नुसता पोकळ करून देणारे मेस्त्री गल्लोगल्ली होते. ती तयार झाली नाही. "मागून चालणाऱ्यांनी काय पाप केलंय?" गुरुवारच्या बाजारात दोघं सकाळपासून हिंडले. ती एकेक जुना डबा उचलून कानाशी हलवायची, उजेडाला धरून त्यातून आरपार बघायची, आणि खाली ठेवायची. सतरावा पसंत पडला. मग गाड्यावर मक्याचं गरम जांभळं आपी पिताना तिनं विचारलं, "गाडी आता पळेल. तरी जाणार?"

"शब्द दिलाय," तो म्हणाला. तिनं पेला तसाच अर्धा ठेवला.

शनिवारी गिऱ्हाईक आलं. पांढरा शर्ट घालून फ्रोइलान उभा होता. गिऱ्हाइकानं गाडी चढावरून फिरवून आणली आणि खूश होऊन म्हणालं, "घेतो."

"घेऊ नका," सेनोबिया म्हणाली.

"का? काही दोष राहिलाय?"

"गाडी ठणठणीत आहे. हा खाली गेला, तर मला इथं करमणार नाही. एवढंच." मग ती फ्रोइलानकडे वळली. "जाऊ नकोस."

बापानं खुर्ची जवळ ओढली.

"भावाला... मी कालच कळवलं, येत नाही म्हणून," फ्रोइलान कसाबसा बोलला. "पण यांना नाही म्हणायचा धीर झाला नाही. तुला सांगायचा तर..."

"तीन मेस्त्र्यांपासून लपवलंस, यांच्यापासून लपवलंस, माझ्यापासूनही? तुझ्याकडून खरं काढायला दर वेळी हातोडी घ्यायची का मी?"

"नको," तो म्हणाला. "माझं तुझ्यावर प्रेम आहे. फार."

गिऱ्हाइकानं निमूटपणे किल्ली गाडीच्या टपावर ठेवली आणि बापाशेजारी जाऊन उभं राहिलं. सेनोबियानं फ्रोइलानच्या छातीवर हात टेकवला. पांढऱ्या शर्टावर तेलाची पाच काळी बोटं उमटली. तो शर्ट त्यानं दिवसभर बदलला नाही.