दोन जहाजांमधलं पाणी

वडील, मल्लप्पा, जेवायला घरी गेले होते, म्हणून त्या दुपारी चादरींच्या दुकानात महानंदा एकटीच होती. चौऱ्याहत्तर सालचा मार्च. सोलापूरच्या उन्हात रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. तेवढ्यात एक उंच, सावळा तरुण आत आला.

"जाड चादर दाखवा. लई जाड."

"या उन्हात?" तिनं विचारलं.

"हितं न्हाय पांघरायची. जहाजावर न्यायचीय."

हा गुरुलिंग. मंद्रूपच्या शेतकऱ्याचा मुलगा, मालवाहू जहाजावर इंजिनिअर. मंद्रूपच्या माणसाला समुद्र कुठं सापडला, असं तिनं विचारलं, तर म्हणाला, "विहिरीत पोहायला शिकलो. मग विहीर बारकी पडायला लागली की."

ती हसली... आणि चादरीची घडी चुकली.

दुसऱ्या दिवशी तो रंग बदलून घ्यायला आला. तिसऱ्या दिवशी आणखी एक चादर घ्यायला. चौथ्या दिवशी मल्लप्पांनीच त्याला गादीवर बसवून घेतलं. "पाव्हणं, चादरीच पाहिजेत, का आणखी काय?"

पुढच्या वर्षी लग्न झालं आणि सव्विसाव्या दिवशी तो जहाजावर गेला. मंद्रूपच्या घरी महानंदा पत्रं लिहायची. त्यात पाऊसपाणी असायचं, सासूबाईंचे गुडघे असायचे, ज्वारी असायची. लिहून झालं की वाटायचं, हे सगळं खरं, पण यात मी कुठं आहे?

शहात्तरमध्ये कंपनीनं तिला एका फेरीपुरती त्याच्याबरोबर राहायची परवानगी दिली. मुंबई सोडली, सुएझ मागं पडलं, आणि इटलीच्या टोकाशी एका छोट्या बंदरात तीन दिवसांचा मुक्काम पडला. धक्का एवढासा, की जहाज बाहेरच नांगरावं लागलं. गुरुलिंगनं एक होडी मागून घेतली आणि वल्ही स्वतःच हातात धरली.

गाव चुन्यानं पांढरंशुभ्र होतं. गच्च्यांवर अंजिरं वाळत घातलेली. एका दारातून काळ्या कपड्यांतली म्हातारी महानंदाच्या साडीकडं बघत हाक मारू लागली, "एला, एला."

माहेरी कन्नड बोलणाऱ्या महानंदाला वाटलं, बाई एलक्की मागतेय, वेलदोडा. तिनं चंचीतून चार वेलदोडे काढून म्हातारीच्या तळहातावर ठेवले. म्हातारीनं ते हुंगले, खळखळून हसली आणि तिला मनगटाला धरून आतच नेलं.

गुरुलिंगला बंदरांवर शिकलेलं मोडकंतोडकं इटालियन येत होतं. म्हातारीशी थोडं बोलून तो म्हणाला, "एला म्हणजे ये. ग्रीक हाय ते. हिचे पूर्वज कधीकाळी ग्रीसहून येऊन हितं राहिले. अजून घरात ग्रीक बोलतात, बाजारात इटालियन."

"म्हणजे आमच्यासारखंच की. घरात कन्नड, दुकानात मराठी."

"मग? उगंच घाबरत होतीस परका मुलूख म्हणून."

म्हातारीनं अंजिरं आणि बदाम पुढं केले, आणि दोघांकडं आळीपाळीनं बघून काहीतरी विचारलं. गुरुलिंग कानापर्यंत लाल झाला.

"काय म्हणाल्या?"

"काय न्हाय."

"सांगा की."

"विचारायलीय... नवीन लग्न झालंय काय. सारखे एकमेकांकडं चोरून बघायलेत म्हणून."

संध्याकाळी दोघं समुद्राकाठच्या भिंतीवर बसले. वारा तिचा पदर सारखा त्याच्या हातावर टाकत होता, आणि पदर आवरायचं काही तिच्या मनात येत नव्हतं.

"पत्रात लई कमी लिहितीस," तो म्हणाला.

"सासूबाई शेजारी बसलेल्या असतात."

"आता कोन हाय? आता सांग."

"आता... आठवत नाही."

"खोटं बोलायलीस."

"व्हय," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी तार आली. जहाजाचा मार्ग बदलला. आता ते अमेरिकेकडं जाणार, वादळाचे दिवस, त्यामुळं बायकांना बरोबर नेता येणार नव्हतं. कंपनीचंच दुसरं जहाज शेजारी नांगरलेलं होतं, मुंबईला निघालेलं. त्यात महानंदासाठी एक खोली होती. तासाभरात निघायचं होतं.

गुरुलिंग तिला होडीतून सोडायला निघाला. दोन जहाजांमध्ये अंतर ते कितीसं... तरी वल्ही पाण्यात बुडायची आणि बराच वेळ वर यायचीच नाहीत.

"उतर म्हण, उतरतो," तो एकदम म्हणाला. "चेष्टा न्हाय. मंद्रूपला शेती हाय. मामांच्या दुकानात बसेन."

तो मनापासून बोलत होता, हे तिला दिसत होतं. हो म्हणायचं अगदी ओठावर आलं होतं. पण या एका महिन्यात तिनं त्याला यंत्राच्या तापल्या लोखंडापाशी उभं राहून नुसत्या आवाजावरून दुखणं ओळखताना पाहिलं होतं. दुकानात चादरी उलगडणारा हा माणूस तिच्या डोळ्यांपुढं उभाच राहीना.

"नको," ती म्हणाली. "नंतर मलाच दोष द्याल."

"देणार न्हाय."

"मनातल्या मनात द्याल." तिनं पाण्याकडं बघितलं. "पण तुमच्याशिवाय मला करमत नाही. दिवसभर घरात माणसं असतात, तरी करमत नाही. एवढं माहीत असू द्या तुम्हाला."

वल्ही सोडून त्यानं तिचे दोन्ही हात धरले, आणि होडी आपोआपच शिडीला जाऊन लागली.

ती वर चढली. कठड्याशी येऊन बघते, तर तो मान खाली घालून वल्हवत परत निघाला होता. नवऱ्याचं नाव उखाण्याबाहेर घ्यायचं नसतं, हे तिच्या हाडीमाशी भिनलेलं होतं. कठड्याशी खलाशी उभे होते, कप्तान उभा होता.

"गुरुलिंग," तिनं हाक मारली. पहिली त्याच्यापर्यंत पोचली नाही. मग तिनं कठडा घट्ट धरून सगळा श्वास लावला. "गुरुलिंग..."

तो थबकला. त्यानं मान वर केली. आणि त्या डुगडुगत्या होडीत सरळ उभा राहिला. नांगर वर आला, जहाज वळलं, गाव मागं सरकू लागलं, तरी तो खाली बसला नाही.