समजूतदार पान

सकाळी नऊ वाजता डॉ. हेमांगी भंगाळेने आपल्या दंतचिकित्सालयाचे नवे संकेतस्थळ उघडले, आणि 'वेळ घ्या' हे बटण तिच्या डोळ्यांदेखत मोठे झाले. शेजारची बटणे बाजूला सरकली, बाकावर म्हाताऱ्या माणसाला जागा करून द्यावी तशी.

"कमल, तू उघड बरं."

सहायक कमलने उघडले. पान जसेच्या तसे. "चाललंय की मॅडम."

हेमांगीने पुन्हा माऊस धरला. बटण मोठे झाले. डाव्या हाताने धरला. तो सवय नसलेला हात दोनदा चुकला, तरी पान जागचे हलले नाही. उजवा हात लावताच पुन्हा बटण फुगले.

जळगावातले दवाखाने आता संकेतस्थळावरूनच वेळ देत. ज्याला पान वापरता येत नाही, तो डॉक्टरपर्यंत पोचतच नसे. म्हणून समजूतदार पान आले. अपंग माणसाने काही मागायचे नाही, काही सांगायचे नाही. पान त्याचा हात, नजर, थांबणे न्याहाळते आणि त्याला हवे ते रूप घेते. कोणासाठी बोलू लागते, कोणासाठी अक्षरे वाढवते.

ते बनवून बसवून देणारा नौशाद तडवी जन्मांध होता. हेमांगीने त्याला फोन लावला.

"तुमच्या पानात बिघाड आहे."

"कोणासाठी?"

"माझ्यासाठी. बटणं मोठी होतात."

"मॅडम, ते कर्सरचा मार्ग बघतं. सरळ निघालेला हात कोणत्या लयीत झोके खातो ते. नवखा हात कसाही भरकटतो, त्याला लय नसते. आणि ही थरथर डोळ्यांना दिसायच्या कितीतरी आधी कर्सरला दिसते."

"म्हणजे कंपवात?"

"पान निदान करत नाही. फक्त जागा करून देतं."

"मला जागा नकोय हो! कारण सांगा!"

"पान कारण मुद्दामच नोंदवत नाही. प्रत्येक खिडकीवर 'मला दिसत नाही' असं सांगत मोठा झालोय मी. तसं कोणाला सांगावं लागू नये, म्हणून तर हे बनवलं."

"चुकतं का कधी?"

"चुकतं. शंभरात तीन-चारदा."

"मग मी त्यातलीच असेन."

"असालही."

"माझ्यापुरतं बंद करा ते."

"करतो. पण हात तोच राहील ना, मॅडम?"

तिने फोन ठेवला. उजवा हात कोऱ्या कागदावर अधांतरी धरला. हात स्थिर होता. वीस वर्षे होता तसाच. तिला हुंदका आला तो त्यामुळेच.

अकराला यशवंत घोडके खुर्चीत बसले. ते लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत. त्यांची अक्कलदाढ आडवी, नसेला टेकलेली होती. ड्रिल केसभर घसरले, तर खालचा ओठ कायमचा बधिर. दाढ तशीच ठेवावी, तर गालाची सूज गळ्याकडे उतरत होती. ही दाढ काढू शकणारे शहरातले दुसरे सर्जन परगावी होते. हेमांगीने त्यांना तीनदा फोन केला होता. फोन बंद.

"डॉक्टर, ओठ तेवढा सांभाळा," घोडके जेमतेम उघडणाऱ्या तोंडाने म्हणाले. "सगळा संसार त्याच्यावर टेकवून वाजवतो मी."

"दुसरीकडे जाता का? नाशिकला?" तिने अचानक विचारले.

"आता? गिळवत नाहीये हो मला." त्यांनी हसण्याचा प्रयत्न केला. "आणि तुमच्या हाताचं नाव ऐकून आलोय. घाबरायचं मी की तुम्ही?"

सांगावे, असे तिच्या मनात आले. पण काय सांगायचे? एक बटण मोठे झाले?

तिने बधिरतेची इंजेक्शने दिली. सुई नेमकी जागेवर गेली.

"ओठ जड झाला?"

त्यांनी मान हलवली.

"हात धुऊन येते," म्हणून ती आतल्या खोलीतल्या बेसिनकडे गेली. कमलने हत्यारे मांडली, दिवा खाली ओढला. बऱ्याच वेळाने घोडक्यांनी बोटांनी खूण करून कमलला विचारले, काय झाले? कमलने दाराकडे पाहिले.

आतला नळ अजून चालू होता.