काचेवरची कोरडी जागा

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर वाचू नका, माझं काही अडलेलं नाही.

अमावास्या नव्हती. पैंजणही वाजले नाहीत. गेल्या ऑगस्टमधली कोंदट दुपार होती. सणसरला, माझा मेहुणा फारुक याच्या किराणा दुकानात.

मी शाहिद. बारामतीत विज्ञान शिकवतो. भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांची मला कीव येते.

फारुकची मुलगी फरहीन सहा वर्षांची असताना तापाने गेली. शाळेतून आली की ती कोल्ड्रिंकच्या फ्रीजच्या काचेला गाल लावून उभी राहायची. माझी बहीण रशीदा सांगत होती, ती अजून येते. फारुकने विकलेला फ्रीज न्यायला टेम्पो आलेला, आणि ही फ्रीजसमोरून हलेना. गावातले रिकामटेकडे मोबाईल घेऊन शूटिंगला हजर. सगळे अकलेचे कांदे.

तिची समजूत घालायला फारुकने मला बोलावलं होतं.

"रशीदा, हवेत वाफ असते. गार काचेला लागली की तिचं पाणी होतं. एवढंच. यात कोण येणार?"

मी फडक्याने काच लख्ख पुसली.

"बघ आता."

आम्ही थांबलो. फ्रीज घरघरत होता...

मग एकदम गप्प झाला.

काच हळूहळू धुरकट होऊ लागली. वरपासून खालपर्यंत.

एक जागा सोडून...

गालाएवढी. कोरडी.

मी बोट लावलं. कोमट होती.

बाहेरची पोरं मोबाईल घेऊन पुढे सरकली.

मला भीती नाही, रागच आला. या अडाण्यांसमोर मी गप्प बसणार होतो का?

"फरहीन माझ्या कमरेला लागायची," मी म्हणालो. "हे तर माझ्या छातीपाशी आहे. तिचं कसं असेल? जरा डोकं वापर."

जिंकलो, असं वाटलं मला.

रशीदाने माझ्याकडे पाहिलंही नाही.

"चार वर्सं झाली, भाई," ती म्हणाली. "पोर वाढणार न्हाय व्हय?"

फारुकने टेम्पो परत पाठवला. मी अडवलं नाही.

आता फ्रीजच्या दाराचं रबर गेलं असेल म्हणून मला शिकवायला येऊ नका. रबर मी तपासलं होतं.

तेव्हापासून मी सणसरला गेलेलो नाही. रशीदाचा फोन येतो. दुकान, पाऊस, तब्येत, सगळं विचारतो.

ती जागा आता कुठवर आली, तेवढं विचारत नाही.