रोम कोणी बुडवलं?

नव-नेवाशाचा पाचवा घुमट मरत होता. तो कोणाच्या हातून मेला, हे दिवस मावळायच्या आत ठरायचं होतं.

बाळांनो, नव-नेवासे ही मंगळावरची वस्ती. काचेचे पाच भलेमोठे घुमट, आणि त्यांच्या आत हवा, पाणी, झाडं, माणसं. पाचव्यात फळबाग होती. त्या सकाळी तिथला ऊबदार हवा खेळवणारा पंप बंद पडला तो पडलाच. पेरूची झाडं उभ्या उभ्या गोठू लागली. पंपाच्या पाळीवर होते प्रभाकर कुलथे, म्हणजे आपल्या ऋजुताचे बाबा.

"चूक कुलथ्यांची," वस्तीच्या प्रमुख यमुनाबाई म्हणाल्या. "टाळकरी, आजच्या निरोपात तसं कळव पृथ्वीला."

टाळकरी हा वस्तीचा यंत्रमानव. पृथ्वीला निरोप धाडणं आणि आबांच्या कीर्तनात टाळ धरणं, ही त्याची दोन कामं. निरोपात चूक करणारा म्हणून ज्याचं नाव जाई, त्याला पुढच्या यानाने पृथ्वीवर परत पाठवत. दहा वर्षांच्या ऋजुताचा जीव नुसता टांगणीला लागला होता.

आणि आबा? तिचे हे आजोबा यंत्रणाशास्त्रज्ञ (अनेक भाग एकमेकांना कसे सावरतात, हे अभ्यासणारे). ते खुशाल उपरणं सारखं करत कीर्तनाला निघाले होते!

"बाबांना घालवतायत, आणि तुम्हाला कीर्तन सुचतंय?"

"अगं, आज एकादशी. सगळे एका ठिकाणी बसून ऐकतील असं दुसरं ठिकाण सांग, तिथे जातो."

नामाचा गजर झाला. एरवी ऐकताना डोळे मिटून डोलणारी माणसं आज मान खाली घालून बसली होती. आबांनी चिपळ्या थांबवल्या.

"टाळकरीबुवा, एक कोडं. रोम कोणी बुडवलं?"

"सोपं आहे," टाळकरी म्हणाला. "इसवी सन चारशे शहात्तर. पश्चिम रोमचा शेवटचा सम्राट गादीवरून उतरवला गेला. तो कोवळा पोर होता. त्याच्या पाळीत बुडालं, म्हणजे त्याने बुडवलं."

काही जण हसले. यमुनाबाई हसल्या नाहीत.

"वा! शेवटी जो हजर, तोच गुन्हेगार!" आबा म्हणाले. "आता जरा मागे चला, श्रोतेहो. रोमच्या फौजा नवे मुलूख जिंकत, तिथली संपत्ती घरी येई, तिच्यावर फौजा पोसल्या जात. एक दिवस जिंकणं थांबलं. फौजांचा खर्च थांबला का?"

"नाही," मागून कोणी म्हणालं.

"मग नाण्यातली चांदी कमी केली. महागाई भडकली. कर वाढवले. कुठे कुठे शेतकरी जमीन टाकून निघून गेले. त्यात साथीचे रोग आले. सेनापतींना गादीची हाव सुटली. आपापसांत लढायला सीमेवरचे शिपाई मागे बोलावले, सीमा उघडी पडली. बाहेरच्या टोळ्यांपैकी काही तर आसरा मागायला आल्या होत्या. त्यांना इतकं छळलं की त्यांनीच हत्यार उपसलं. मुलूख गेला की कर गेला. कर गेला की फौज घटली. फौज घटली की आणखी मुलूख गेला! याला म्हणतात पुनर्भरण (परिणामानेच मूळ कारणाला पुन्हा बळ मिळणं). यातलं कुठलं कारण मोठं, यावर जाणकार आजही भांडतात. पण एकट्या पोरावर कोणी बोट ठेवत नाही."

"निरोपात एकच कारण लागतं," टाळकरी हट्टाने म्हणाला.

शिपाई मागे बोलावले, सीमा उघडी पडली, हे शब्द ऋजुताच्या मनात रुतले होते. ती उठून उभी राहिली. कीर्तनात मधे उठू नये हे तिला ठाऊक होतं, पण राहवेना.

"पहिल्या घुमटाचा पंप अडला, तेव्हा सुटा भाग कुठून काढला?"

 एक म्हातारबुवा पुटपुटले, "पाचव्यातून."

"आणि दुसऱ्याचा?"

"पाचव्यातूनच गं. तिथे कोणी राहत नाही, झाडंच आहेत, म्हणून."

"नवे भाग का नाही घडवले?"

"वेळ कुठे होता?" यमुनाबाई म्हणाल्या. "सहावा घुमट उभारायचा होता."

तसंच होतं. नव्या घुमटाला इथे तोरण, नारळ, पेढे, मिरवणूक. दुरुस्तीला मात्र कधी कोणी साधं कुंकूही लावलं नाही. बाबा भाग मागत राहिले, आणि लोक तोरणं बांधत राहिले.

"पूर्वेकडचं रोम पुढे हजारेक वर्षं टिकलं बरं का," आबा हळूच म्हणाले. "मोडता मोडता सावरताही येतं. देवाने हात दिलेत ते फक्त जोडायला नव्हेत."

यमुनाबाईंनी पदराने डोळे टिपले. "टाळकरी, लिही. सहावा घुमट थांबवला. सुटे भाग घडवायला कुलथे इथेच हवेत."

"आणि कारण?"

"कारण मी स्वतः सांगते. वेळ लागेल. तू ऐकून घे."

ऋजुता पाचव्या घुमटाच्या दाराशी धावत गेली. बाबा आत तोंडाला हवेची नळी लावून पेरूच्या खोडांना गोणपाट गुंडाळत होते. त्यांनी सगळं ऐकलं. मग एका काळ्या पडलेल्या पानावर हात फिरवला.

"हे कीर्तन दोन वर्षं आधी व्हायला हवं होतं गं. झाडं नाही वाचायची आता."

त्यांनी बाहेर येऊन पाचव्या घुमटाचं दार ओढून बंद केलं. ऋजुता बाबांच्या कुशीत तोंड खुपसून पोटभर रडली. तेवढ्यात सुटे भाग घडवायच्या कर्मशाळेकडून धातू कातण्याचा करकर आवाज आला. बाबांनी कान टवकारले.

"लेथ कोणी सुरू केलं? आणि हे काय, उलटं फिरवतायत की काय!"

"यमुनाबाई असतील," ऋजुता नाक पुसत म्हणाली.

"चल, चल लवकर. बोट कापून घेतील त्या!"

आणि दोघं आवाजाच्या दिशेने पळाली.