तिसऱ्या भागाची बंद पानं

जून लागला की लातुरात क्लासच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नसायची. २००५ साल होतं. बारावीची पोरं, पोरांच्या पाठीवर दप्तरं आणि दप्तरांत किलोकिलोने नोट्स. त्या नोट्स सुट्या झाल्या की सगळी वरात श्रीमंत बाइंडरकडे. डॉक्टर कोण होईल ते देव जाणे, पण माझी शिलाई उसवायची नाही, असं तो पोरांना ऐकवायचा. श्रीमंत नुसता नावाचा. दुकान दहा बाय आठचं, मागे एक खोली, तिथे बायको सिंधू खळ शिजवायची. दोघं मूळचे किल्लारीचे. भूकंपात सिंधूचा खुबा निखळला होता, तेव्हापासून ती लंगडत चाले.

एका दुपारी नांदेडचे रेणुकादास सर आले. इंग्रजीचे निवृत्त मास्तर, नातीला क्लासला घालायला आलेले. पिशवीतून त्यांनी तीन पुस्तकं अलगद काढली.

"लंडनला छापलेली, अठराशे सव्वीसची," ते म्हणाले. "मुलांच्या कवितांचा संग्रह. पहिला भाग लहानग्यांसाठी, दुसरा मधल्यांसाठी, तिसरा मोठ्या मुलांसाठी. पणजोबांनी हैदराबादेत घेतला. बांधणी मूळची, कुण्या बाइंडरचा हात लागलेला नाही. तिसऱ्याची तर पानंसुद्धा अजून कुणी फाडली नाहीत."

त्या काळी छापलेला कागद घडी घालून तसाच शिवत, बंद कडा वाचणाऱ्याने सुरीने फाडायच्या. श्रीमंतला ते ठाऊक होतं.

"काय हाय त्यात, सर?"

"एक मुलगी धान्याच्या कोठीत लपते आणि बापाला म्हणते, दहा मोज. दुसऱ्या भागात ती मोठी झालीय, पण आहे आतच. पुढचं मलाही माहीत नाही." सर हसले. "पाठी सैल झाल्यात, तेवढ्या नव्या करा. पाचला येतो, श्रीमंतराव."

श्रीमंतला हसू आलं नाही. त्याची लेक शिल्पाही धान्याच्या कणगीतच लपायची. बापाने दहा मोजून, सगळं घर शोधल्याचं सोंग करून मग कणगीत डोकवायचं, असा तिचा कायदा होता. भूकंप झाला तेव्हा ती सहा वर्षांची होती. आदल्या दिवशी गणपती विसर्जनाला जाताना तिचा पुढचा दात हलत होता आणि वाटभर ती तो जिभेने ढकलत होती.

तो कामाला लागला. पुस्तकाच्या पाठीला आतून रद्दी चिकटवायची ही बाइंडरची जुनी रीत. चांगला कागद तिथे कोण घालणार? म्हणून जुनी पाठ सोलली की कधी जाहिरात निघते, कधी कुणाचं पत्र. पहिल्या भागाच्या पाठीवर त्याने ओलं फडकं ठेवलं. सरस भिजला, त्याचा उग्र वास सुटला. त्याने कागद सोलून उलटा केला.

तो दुरेघी वहीचा कागद होता. त्यावर शिसपेन्सिलीने, मोठ्या वाकड्या अक्षरांत मराठी लिहिलं होतं.

*कणगीत लपले, अंग चोरले,*
*बाबा, मोजा दहा.*

खाली नाव होतं. शिल्पा.

श्रीमंतने कागदाची कडा बोटाने चाचपली. कडेवर केसाएवढी उंच रेघ होती. त्याच्या किल्लारीतल्या सुरीला खांड पडली होती, तिने कापलेल्या प्रत्येक कागदावर अशीच रेघ उठायची. शिल्पाची पहिलीची वही त्यानेच त्या सुरीने कापून शिवली होती. वही आणि सुरी दोन्ही ढिगाऱ्यात गेली होती. आणि हा कागद पावणेदोनशे वर्षांच्या सरसाखालून निघाला होता.

त्याने दुसऱ्या भागाची पाठ सोलली. आत एकरेघी वहीचा कागद निघाला. अक्षर शाईचं, सुबक, दहा-अकरा वर्षांच्या मुलीचं वाटावं असं. कडेला तीच रेघ.

*दहा झाले, शंभर झाले,*
*बाबा, अजून पहा.*

आता जे आठवायचं नाही असं त्याने बारा वर्षं ठरवलं होतं, ते आठवलं. सिंधूला सोलापूरच्या दवाखान्यात नेलं होतं. तो एकटा उकरत होता. आतल्या खोलीवर, कणगीवर, अख्खी दगडी भिंत बसली होती. तिसऱ्या दिवशी लोक म्हणाले, पुरे. शेजारी एक पोर झाकून ठेवलेली होती, शिल्पाएवढीच, चेहरा ओळखू न येणारी, तिला विचारणारं कुणी उरलं नव्हतं. श्रीमंतने मान हलवली. आपली हाय, म्हणाला. तिला अग्नी दिला आणि सिंधूला जाऊन सांगितलं, सापडली, सगळं नीट केलं. त्या एका वाक्यावर सिंधू जगली होती.

तिसरी पाठ त्याने सोलली. अक्षर वळणदार होतं, समोरच्या क्लासमधल्या पोरींचं असतं तसं.

"कसला कागद हाय त्यो?"

सिंधू खळीचं पातेलं घेऊन दारात उभी होती. तिला अक्षरओळख नव्हती. जाहिरात आहे म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"वाचा की," ती म्हणाली. "तुमचं तोंड का असं झालंय?"

श्रीमंतने वाचलं.

*दुसरीला दिला अग्नी बाबांनी,*
*आई, तू तरी पहा.*

सिंधूने पातेलं खाली ठेवलं.

"मंग ती कोण होती?"

"ठाव न्हाई."

"आन् आपली?"

श्रीमंतने तिन्ही कागद एकाखाली एक मांडले.

"कणगीत बघितलं व्हतं का तुमी?"

त्याने नकारार्थी मान हलवली.

सिंधूने तिसरा भाग उचलून त्याच्यापुढे धरला.

"उघडा."

श्रीमंतने सुरी घेतली. बंद कडेत पातं सरकवलं. कागद कोरडा करकरला.

पानांमधून ज्वारी सांडली. पसाभर, टपोरी, चकचकीत. दाणे टेबलावरून घरंगळत फरशीवर गेले.

सिंधू वाकली. दाण्यांमधून तिने काहीतरी पांढरं उचललं आणि तळहातावर घेतलं.

दुधाचा दात होता. मुळाशी लागलेलं रक्त अजून ओलं होतं.