नखभर जागा

"मीटरची केबल पाहिजे. आतली तार तेवढी."

मी मान वर न करताच विचारलं, "गाडी कुठली?"

"गाडी न्हाई... बोट हाय."

धरण तळाला गेलेल्या वर्षी माजलगावात बोट! आता मात्र मी मान वर केली. समोर एक उंच, सावळा मुलगा उभा होता, काखेत हातभर लांबीची लाकडी बोट घेऊन. केसांवर धूळ, आणि हसू असं, की रागवायचं ठरवूनही रागावता येऊ नये.

दुकान दादांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, गाड्यांचे स्पीडोमीटर दुरुस्त करायचं. दादांची नजर अधू झाल्यापासून काम मीच करायचे. आणि हा उत्तरेश्वर, सहकारी साखर कारखान्यात फिटर. ऊसच नाही म्हणून यंदा कारखाना पेटलाच नव्हता. रिकामे हात शिवशिवायला लागले, तेव्हा यानं रिमोटवर पळणारी बोट बनवली.

"मोटार वर, पंखा खाली पाण्यात," तो सांगायला लागला. "मधली वाट वाकडी. सरळ दांडा जात न्हाई. ही तार वाकती बी आन् फिरती बी."

"बरी हाय की. आमच्या गिऱ्हाईकासारखी न्हाई. ते वाकत न्हाई, नुसतं फिरतंय."

तो खळखळून हसला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. तिसऱ्या दिवशीही. इतक्या तारा कुठल्या बोटीला लागतात, हे विचारण्याइतकी मी खुळी नव्हते.

मग धरणावर जाणं सुरू झालं. भेगाळलेल्या गाळातून चालत जायचं. पाणी दर खेपेला आणखी मागं सरकलेलं. बोट सूं करत पळायची. परत आली की तो तार नळीतून ओढून काढायचा, मी ती पुसून तिला ग्रीस लावायचे. एकदा त्यानं माझा ग्रीसचा हात धरला... मी काढून घेतला. पण लगेच नाही.

पंख्याला लागून एक बारकी कडी असायची. कडी आणि तार जिथून बाहेर येते तो बोटीचा आधार, यांच्यात तो नखभर जागा सोडायचा.

"हे कावून सैल? आमच्यात असं बसवलं तर काटा थरथरतो."

"जोर आला की तार आखडती, केसर. जागा नसली तर कडी आधाराला अडकती आन् तार तुटती."

मी आमच्या दोघांमधल्या गाळाकडं बघितलं. "आन् हितं हातभर जागा कावून सोडलीस?"

तो कानापर्यंत लाल झाला... आणि सरकला. मला हसू आवरेना. त्या दिवशी धरणात पाणी किती होतं, देव जाणे. मला तर सगळं काठोकाठ भरल्यासारखं वाटत होतं.

आणि दादांनी सांगितलं, घाटनांदूरची माणसं रविवारी मला कुंकू लावायला येणार. लग्न कारखान्याच्या सामुदायिक सोहळ्यात लावायचं. दुष्काळात दुसरं जमणार कसं?

मी धरणावर धावले. "दादांशी बोल."

"कारखाना बंद पडलेल्या फिटरला कोन पोरगी देईल? हैदराबादला शर्यत हाय. जिंकंल त्याला शर्यत भरवनारा बोटीवाला कामावर घेनार हाय. जिंकतो, शनिवारी येतो, आन् नोकरी सांगूनच बोलतो."

"तसाच ये की रे. मी हाय ना बोलायला."

"रिकाम्या हातानं न्हाई."

शर्यतीसाठी मी त्याला नवी तार करून दिली. माझ्या पैंजणाचं तुटकं घुंगरू सोनारासारखा टाकणखार घालून वितळवलं आणि त्या चांदीनं कडी जोडली. चांदी जरा पुढं ओघळली, नखभर जागा खाईल एवढी. "बसवताना तेवढी घासून घे हां," मी बजावलं. त्यानं मान डोलावली आणि तार खिशात अशी ठेवली, जणू कुणी हिसकावणार होतं.

शनिवारी तो आला नाही. फोन बंद. रात्रभर माझे कान दाराशी. रविवारी पाहुणे आले, चहा झाला, कपाळाला कुंकू लागलं. एकटी पडले म्हणून दादांसमोर माझी जीभ उचललीच नाही. मनातल्या मनात मी त्याला इतक्या शिव्या दिल्या, इतक्या... आणि तरी दरवाज्याकडं बघणं सुटलं नाही.

मंगळवारी तो दुकानाच्या दारात उभा राहिला. हातात तुटलेली तार.

"पयल्याच फेरीत आडकली," तो म्हणाला. "हरलो. कुठल्या तोंडानं येनार होतो?"

मी कडी उजेडात धरली. ओघळलेली चांदी तशीच होती.

"घासली न्हाई?"

"कानस हातात घेतलती... पन तुझं पैंजण होतं ते. कसं घासू? तुझ्याशिवाय दुसरं कुनी न्हाई मला, केसर."

इतके दिवस ज्या वाक्याची वाट पाहिली, ते आलं. मला ओरडावंसं वाटलं, की अरे, नोकरी कुणी मागितली होती? रविवारी नुसता दारात उभा राहिला असतास, तरी मी दादांसमोर बोलले असते. त्याची नजर माझ्या कपाळावर गेली आणि तिथंच थांबली.

"कारखान्याच्या सोहळ्यात हाय लग्न," मी म्हटलं. "तुमी असालच तिथं, मांडव घालायला."

'तुमी' ऐकून तो मागं सरकला.

मी कानस घेतली आणि चांदी घासायला बसले. सगळी घासली. पांढरी भुकटी ओट्यावर पडली. कडी त्याच्या हातात ठेवली. आता नखभर जागा बरोबर सुटली असती.

आतून दादांची हाक आली, "केसर, कोन हाय? गिऱ्हाईक हाय का?"

"न्हाई दादा," मी म्हटलं. "कुनीतरी रस्ता इचारायला आलंय."