नाही म्हणायचं तर नाव घेऊन

महामार्गावरच्या थांब्यावर लोण्यात परतलेल्या बटाट्यांचा शेवटचा कागदी पेला उरला होता, आणि त्याच्यावर दोन हात एकदमच पडले. एक बोमीचा, लाल लोकरी मोज्यातला. दुसरा एका म्हातारीचा, जांभळ्या फुगीर कोटाच्या बाहीतून आलेला.

“मी आधी रांगेत होते, आजी,” बोमी म्हणाली.

“मी आधी जन्माला आले,” म्हातारी म्हणाली.

युक्तिवाद बिनतोड होता. पण बोमी पोहायला शिकवायची. धरलेलं सोडायचं नाही, हे तिला पगारी येत होतं. शेवटी अर्धे-अर्धे ठरले. म्हातारीने वयाचा मान म्हणून मोठे बटाटे वेचून घेतले, बोमीने तरुणांचा हक्क म्हणून खालचं लोणी. दोघी काड्या टोचून खात उभ्या होत्या, तेवढ्यात दोन हातांत दोन कॉफ्या घेऊन बोमीचा दोहुन आला आणि बाहेर पडणाऱ्या बर्फासारखा पांढरा पडला.

“अरे वा… ओळख झाली? आजी, ही—”

“गाडीत बसा,” दोहुनची आजी म्हणाली. “बर्फ वाढतोय.”

हिवाळ्याच्या सुट्टीत दोहुनच्या घरचे सगळे ग्वाक गांगवनच्या डोंगरात एक घर भाड्याने घेत आणि काही दिवस एकमेकांच्या अंगावर काढत. घरातल्या कुणाचं कुठे जुळलं असेल, तर त्या माणसालाही सोबत न्यायचं आणि शेवटच्या संध्याकाळी आजीने निकाल द्यायचा, अशी रीत होती. दोहुनच्या चुलत बहिणीचे दोन मित्र यापूर्वी इथूनच बसने परत गेले होते. पैकी एक तर फार चांगला गात असे.

दोहुनसाठी आजीने औषधाच्या दुकानवाल्याची मुलगी हेरून ठेवली होती. म्हणून बोमीच्या बाबतीत तिने एक साधी युक्ती केली. तिने नावच विचारलं नाही. नाव विचारलं की कुळ विचारावं लागतं, कुळ विचारलं की मूळगाव. आणि एवढं विचारल्यावर मुलगी स्थळ होऊन बसते. न विचारलेली मुलगी पाहुणी राहते. कोणी “आजी, ही बोमी” म्हणू लागलं की आजीला खोकला येई. प्रकृतीने ती ठणठणीत होती.

“पाहुणे, दाराकडे बसा,” ती म्हणायची. “तरुण रक्त आहे.”

घरात एकाच जागी जमीन खालून नीट तापत असे. ती जागा आजीची. तिच्याशेजारी थोरले काका, मग बाकीचे वयाप्रमाणे. आणि दाराच्या फटीतून वारा जिथे थेट पाठीत शिरतो तिथे बोमी. ती तिथे बसून सगळ्यांना संत्री सोलून देई, शिंकत नसे, आणि आजीच्या नजरेला नजर भिडली की गोड हसे. आजीला हे हसणं बटाट्यांपासूनच आवडलं नव्हतं.

“पायरी पाळली की घर टिकतं,” आजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची. “माझ्या माहेरी पाळण्यातल्या काकांना म्हातारे वाकून नमस्कार करायचे. हल्लीच्या मुलींना काका कुठला नि कोबी कुठला.”

एका दुपारी सगळे गोठलेल्या नदीवर मासे धरायला गेले. बर्फाला पाडलेल्या एका भोकाशी बोमी आणि दोहुन गळ सोडून बसले.

“आजीशी बोलणार आहेस की नाही?”

“बोलणार ना… योग्य वेळ बघून.”

“योग्य वेळ कधी असते?”

“आजी झोपली की.”

बोमीने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या पापण्यांवर बर्फाचा भुगा होता आणि कान जास्वंदीसारखे लाल. अशा माणसावर रागावणं अवघड असतं. त्याने हळूच तिचा हात मोज्यातून सोडवला आणि आपल्या खिशात घेतला. खिशात एक भाजलेलं रताळं होतं, गरम. ते त्याने तिच्यासाठी कधीपासून जपलं होतं…

“लाच घेत नाही मी,” ती म्हणाली. हात मात्र काढला नाही.

“बोमी, तिने नाही म्हटलं तर?”

“तुझे आई-बाबा दुकान सांभाळायचे आणि तुला आजीने वाढवलं. तुला तिच्यापासून तोडून न्यायचं नाहीये मला. तिचं ‘हो’ घेतल्याशिवाय मी या डोंगरावरून हलत नाही.”

“आणि मी काय करू?”

“गळ बघ. मासा लागलाय.”

मासा तेवढ्यात सुटला.

शेवटच्या संध्याकाळी वाळवलेल्या माशाचं वाफाळतं सूप झालं. वाडगे रिकामे झाले, तसं बोलणंही आटलं. आजीने तोंड पुसलं, घसा साफ केला. या वेळी खोकला खरा वाटला.

“तर… आपल्या पाहुणीबद्दल—”

बोमी उभी राहिली. “आजी, एक मिनिट. तुम्ही नाही म्हणणार आहात, हे कळतंय मला. म्हणा. पण नाही म्हणायचं तर नाव घेऊन म्हणा. पाहुणीला नकार देत नाहीत, पाहुणीला निरोप देतात. मी हान बोमी. चंग्जूच्या हानांची. वडील हान ब्योंग-सू.”

आजीने हातातला रुमाल खाली ठेवला.

आजी स्वतः चंग्जूच्या हानांचीच होती. त्यांच्याकडे बाई लग्न होऊन गेली तरी माहेरच्या कुळाचीच राहते. पण या घरात ती इतकी वर्षं नुसती ‘आजी’ होती, की तिला माहेरचं आडनाव आहे हे थोरल्या काकांशिवाय कोणाच्या ध्यानात नव्हतं.

“ब्योंग…” आजी सावकाश म्हणाली. “हे सहज ठेवलेलं नाव, की कुळाने सबंध पिढीला दिलेलं अक्षर?”

“पिढीचं. माझ्या सगळ्या काकांच्या नावात ब्योंग आहे.”

“माझ्या आजोबांच्या नावात ब्योंग होतं.”

“आमच्या शाखेत सगळे शेंडेफळ,” बोमी म्हणाली. “त्यातून लग्नं उशिरा. पिढ्या मागे राहून गेल्या.”

थोरले काका बोटांवर मोजू लागले. एकदा मोजलं, पटलं नाही, पुन्हा मोजलं.

“हिचे वडील तुझ्या आजोबांच्या पिढीचे, आई,” ते म्हणाले. “म्हणजे ही तुझ्या वडिलांच्या पिढीची. म्हणजे… ही तुझी आत्या.”

कोणाचा तरी चमचा खाली पडला. तो उचलायला कोणी वाकलं नाही.

आजी बाईच तशी होती. आयुष्यभर ज्या मापाने तिने जगाला मापलं, त्या मापात स्वतःसाठी खोट करणं तिला जमेना. ती उठली, तापल्या जमिनीवरून बाजूला सरली आणि दोन्ही हातांनी जागा दाखवली.

“आपण इथे बसावं, आत्याबाई.”

बोमी निमूट जाऊन बसली. इतके दिवस गारठलेली पाठ प्रथमच सैल झाली.

“आपल्याला… वारा तर लागला नाही ना दाराशी?” आजीने विचारलं. प्रत्येक शब्द दात उपटल्यासारखा येत होता.

“लागला थोडा.”

“क्षमा असावी.”

“आई, पण मग लग्न?” दोहुनच्या आईला घाम फुटला. “आजीच्या आत्याशी?”

“आपण ग्वाक, त्या हान,” काका म्हणाले. “कुळं वेगळी. आडकाठी काही नाही.”

बोमीने पाय दुमडले आणि शांतपणे सुरुवात केली. “आजी, तुमच्या माहेरात मी तुमची आत्या, त्याला आता इलाज नाही. या घरात मी कोणी न होता गेले, तर आत्याच राहीन. सणावाराला नमस्कार, वाटेत भेटले तर वाकून चौकशी. तुमची तब्येत चांगली आहे, मीही धडधाकट आहे. पुष्कळ वर्षं चालेल हे. पण या घरात आले तर तुमची नातसून होईन. मग मी वाकेन, तुम्ही बसाल. माहेरची पायरी मी उंबऱ्याबाहेर ठेवीन.”

बाहेर छपरावरून बर्फ घसरला. आजीने काकांकडे पाहिलं. काकांनी मान हलवली. हिशेब बरोबर होता.

“लग्न वसंतात करावं,” आजी म्हणाली. “लवकर. जितकं लवकर तितकं बरं.”

“आणि त्या औषधवाल्यांना काय सांगायचं?” दोहुनच्या आईने विचारलं.

“कोण औषधवाले?” आजी म्हणाली.

थोड्या वेळाने बोमी बाहेर आली. दोहुन गाडीच्या काचेवरचा बर्फ झाडत होता. झाडून झालेली काच पुन्हा झाडत होता.

“आजीने होकार दिला, काकांनी मोजलं, आईंनी रडून घेतलं,” ती म्हणाली. “तू काय केलंस रे?”

“मी… सूप प्यायलो.”

“शाबास.”

त्याने खालच्या ओठाला दात लावले. मग घराशी जाऊन दारामागे हात घातला आणि बुटांच्या ढिगामागून एक पिशवी काढली. भरलेली, दोरी आवळलेली.

“ती नाही म्हणाली असती, तर मी तुझ्याबरोबर बसने निघणार होतो,” तो म्हणाला. “सकाळीच भरून ठेवली होती. तुला आवडलं नसतं, ठाऊक आहे. तरी निघणार होतो.”

बोमीने पिशवी हातात घेतली. डोळ्यांत काहीतरी गेलं असावं. हवा स्वच्छ होती.

“काय आहे हिच्यात?”

“दोन स्वेटर. ब्रश. आणि… आजीची किमची.”

“घर सोडणार होतास की सहलीला निघाला होतास?”

“बोमी,” तो म्हणाला, आणि त्याचा आवाज प्रथमच अडखळला नाही, “तुला अजून कोणी विचारलंच नाही. माझ्याशी लग्न करशील?”

तिने पिशवीची दोरी सोडली, डबा काढला, झाकण उघडलं आणि बोटांनी आंबवलेल्या कोबीचा एक तुकडा उचलून तोंडात टाकला. तो वाट पाहत उभा होता.

“फार तिखट आहे,” ती म्हणाली.

“म्हणजे नाही?”

“म्हणजे हो,” ती म्हणाली, आणि दुसरा तुकडा त्याच्या तोंडासमोर धरला.